आईसाठी भाषांतर

डॉक्टर बोलायच्या थांबल्या आणि शंतनूकडे पाहू लागल्या. आता हे सगळं त्याने आईला मराठीत सांगायचं होतं.

"वुई कॅन ट्रीट इट," त्या म्हणाल्या होत्या. "बट वुई कान्ट क्युअर इट." पोटातली गाठ यकृतापर्यंत पोचली होती. औषधांनी ती काही महिने आटोक्यात राहील, जाणार मात्र नाही.

"काय म्हणतायत रे?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"औषधं सुरू करायची आहेत. बरी होशील म्हणतायत."

हे उत्तर त्याने आणि त्याच्या बायकोने, देवयानीने, घरून निघतानाच ठरवलं होतं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला असलं काही तोंडावर सांगत नाहीत. शंतनूच्या वडिलांनाही कुणी सांगितलं नव्हतं. "बरा झालो की गावी जाऊन येतो," असं म्हणत म्हणतच ते गेले. त्यांच्याशी रोज खोटं बोलायचं काम सुमित्राबाईंच्या वाट्याला आलं होतं.

"मग मिरजेला आक्काकडे कधी जाऊ?" त्यांनी विचारलं. आक्का त्यांची थोरली बहीण. डोळ्यांनी अधू झालेली, ती काही अमेरिकेला येऊ शकणार नव्हती.

"आधी बरी हो. मग निवांत जा." शंतनू घाबरला होता. आणि घाबरलेल्या माणसाला खोटं बोलणं सोपं जातं.

अमेरिकेत, नोव्हाय गावात मुलाकडे राहायला आल्यापासून सुमित्राबाई लायब्ररीतल्या इंग्लिशच्या वर्गाला जात. घरच्यांच्या लेखी तो आजीचा विरंगुळा. त्या काय शिकतात, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. वर्गातल्या बाई सारखी वाटणारी क्रियापदं जोडीने शिकवत. लुक आणि सी. से आणि टेल. दवाखान्याच्या धड्यात ट्रीट आणि क्युअर आलं, तेव्हा बाकीच्यांना तो फरक पुन्हा पुन्हा समजावून सांगावा लागला होता. सुमित्राबाईंना नाही. नवऱ्याच्या उशाशी बसून त्या तो आधीच शिकल्या होत्या.

"एनी क्वेश्चन्स?" डॉक्टरांनी विचारलं.

"नो," शंतनू म्हणाला.

"येस," सुमित्राबाई म्हणाल्या.

शंतनूने चमकून आईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"आय वॉन्ट टू गो इंडिया," शब्द जुळवत त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "टू मीट माय सिस्टर. व्हेन?"

डॉक्टर खुर्ची पुढे ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "सून," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "धिस मंथ. व्हाइल यू आर स्ट्राँग."

सुमित्राबाईंनी मान डोलावली. शंतनूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि पुन्हा डॉक्टरांकडे वळल्या.

"नाऊ प्लीज टेल माय सन. स्लोली. ही डिड नॉट अंडरस्टँड."