दोन मिनिटं इंग्रजीत

शिवकन्येनं माइक धरला, दोन वाक्यं बोलली, आणि इंग्रजीच्या राधाकिशन सरांच्या कपातला चहा त्यांच्याच शर्टावर सांडला.

पहिलं वाक्य ठीक होतं. "लेट मी सेट द रेकॉर्ड स्ट्रेट." हा वाक्प्रचार सरांनीच तिला दिला होता. चुकीचं काही पसरलं असेल तर ते दुरुस्त करून खरं काय ते सांगणं, असा अर्थही समजावला होता. स्पर्धाच तशी होती. एक इंग्रजी वाक्प्रचार घ्यायचा आणि दोन मिनिटं बोलायचं. तालमीत पोरगी पृथ्वी सपाट नसून गोल आहे, यावर झकास बोलली होती. आज पृथ्वीचं नावच नाही!

"आय ॲम नॉट एटीन. आय ॲम फिफ्टीन."

सरांच्या डोक्यात आपोआप मराठी होत गेलं. मी अठराची नाही, पंधराची आहे. गुरुवारी माझं लग्न लावतायत. मला ते नको आहे. मला शिकायचं आहे.

अरे देवा! सरांनी स्टेजकडे पाहिलं. मधल्या खुर्चीत साखर कारखान्याचे चेअरमनसाहेब बसले होते. सहकारी कारखाना म्हणायला सभासदांचा, पण चालायचा साहेबांच्या शब्दावर. शाळा कारखान्याची. शिवकन्येची सोयरीकही साहेबांनीच जुळवलेली, आपल्या मर्जीतल्या मुकादमाच्या पोराशी. पोरगी अठराची आहे, हे पहिल्यांदा त्यांनीच ठोकून दिलं होतं. मग गावात कोण कशाला तोंड उघडतंय? सरांनीही उघडलं नव्हतं. साहेब आत्ता मान डोलवत होते. त्यांना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

पहिल्या रांगेत शिवकन्येचा बाप बसला होता, आश्रुबा. आख्खी हयात ऊसतोडीत गेलेली. यंदाच्या दुष्काळानं केजच्या भागात ऊसच उभा राहिला नाही. साहेबांनी त्याला कारखान्यावर वॉचमन म्हणून चिकटवला आणि महिन्याभरात लग्नाचा शब्द टाकला. नाही म्हणायची सोय होती का? आता तो टाळ्या पिटत होता. प्रत्येक वाक्याला, सगळ्यांच्या आधी. बिचाऱ्याला काय ठाऊक, लेक काय बोलतेय ते!

भाषण संपलं. मांडव टाळ्यांनी दणाणला. साहेबांनी माइक ओढला.

"वा गं वाघीण! लई फाडफाड बोलली. सर, काय म्हणली ते मराठीत सांगा की. आमालाबी कळू द्या."

सर उठले. शिवकन्या टक लावून त्यांच्याकडे बघत होती. खरं सांगितलं तर नोकरी गेलीच म्हणायची. घरी म्हातारी आई, दोन लेकरं.

"ती म्हणते," सर म्हणाले, "साहेबांनी शाळा काढली, म्हणून माझ्यासारखी पोरगी शिकली. साहेबांचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत."

पुन्हा टाळ्या. साहेब खूश. शिवकन्येचा चेहरा खर्रकन उतरला. सरांना स्वतःची शिसारी आली, आणि सुटलो बुवा, असंही वाटलं.

आश्रुबा मात्र टाळ्या वाजवत नव्हता. तो उठून स्टेजपाशी आला.

"का उठला बे आश्रुबा?" साहेब हसले. "बक्षीस देतो की पोरीला."

"बक्षीस नगं, साहेब." आश्रुबा म्हणाला. "सर चुकीचं बोलले. ती म्हणली, मी पंधराची हाय आन् मला लगीन करायचं न्हाई."

साहेबांचं हसू जागच्या जागी गोठलं.

"तुला कधीपासून इंग्रजी यायला लागलं बे?" साहेब ओरडले.

"मला कुठलं येतंय!" आश्रुबा म्हणाला. "तुमच्यापुढं मराठीत न्हाई म्हणायची माझी छाती झाली न्हाई. म्हणून मीच तिला म्हणलो, तू इंग्रजीत सांग, मराठीत सांगायला सर हायेत."