पायांचा फोटो

"फोटोत तोंड काढायचं न्हाय," काशीने सांगून टाकलं आणि नातवाच्या तोंडावर दुपट्याचं टोक ओढलं. "अजून जावळ न्हाय काढलेलं त्याचं. नजर लागंल."

राजाराम गुरुजींनी ते गोऱ्या बाईला इंग्रजीत सांगितलं. सकाळपासून ते तिला गावभर फिरवत होते. तिने भाताची झोडणी टिपली, उखळावरच्या बायका टिपल्या, आणि ती जिथे जाईल तिथे अर्धा गाव तिच्या मागून गेला. आत्ताही अंगणाच्या दगडी गडग्यावर ओळीने माणसं बसली होती. तिच्याकडे एक कॅमेरा असा होता, की बटण दाबलं की फोटोचा कागद तिथल्या तिथे बाहेर यायचा. तो कॅमेरा बघूनच चिमा बाळाला घेऊन पुढे आली होती.

"आये," ती सासूला हळूच म्हणाली, "पहाटच्या गाडीनं विठूभावजी मुंबयला चाललेत. त्यांच्याकडं दिला असता. ह्यांनी अजून बघितलं न्हाय पोराला."

"माझा लेक न्हाय काय तो? मला न्हाय वाटत, त्यानं बघावं?"

बाळ दोन महिन्यांचं झालं होतं. येत्या शिमग्यालाही रजा मिळणार नाही, असं लवूचं मुंबईहून कार्ड आलं होतं.

गुरुजी आणखी काही बोलणार होते. पण बाईने नको म्हणून मान हलवली, कॅमेरा मिटून मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात त्यावर ठेवून ओट्याच्या पायरीवर बसून राहिली. काशीने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. उन्हाने तिचं नाक सोललं होतं.

दुपट्यातून बाळाने एक पाय बाहेर काढला. उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. रोज तेल लावताना काशी ते बोट चिमटीत धरायची.

"पाय काढ म्हणावं," ती एकदम म्हणाली. "पायाला कोण नजर लावतोय? आणि लवू बोट बघून वळखील. त्याचंच हाय."

"पायाचा फोटो, काशीआज्ये?" गडग्यावरून कुणीतरी हसलं.

"तुझ्या थोबाडापरीस बरा येईल."

काशीने बाळाचे दोन्ही पाय आपल्या ओंजळीत धरले. बाई अंगणात गुडघे टेकून बसली. सारवलेल्या जमिनीचं शेण तिच्या झग्याला लागलं, तिने पाहिलंही नाही. कागद बाहेर आला तेव्हा राखाडी होता. मग त्यावर काशीची भेगाळलेली बोटं उमटली, आणि त्यांत ते दोन इवले पाय. बोटावर बोट चढलेलं स्वच्छ दिसत होतं.

बाईने फोटो दोन्ही हातांनी चिमाला दिला. चिमाने तो पदरात घेतला. आभाराचा शब्द तिला आजवर कधी लागलाच नव्हता, तो आठवेना.

काशी आत गेली आणि मुठीत मीठ, मोहरी, मिरच्या घेऊन आली. चिमाने बाळाला पुढे केलं. काशी तिला वळसा घालून पुढे गेली आणि बाईसमोर उभी राहिली.

"आये, तिची?"

"मग कुणाची? सकाळधरनं सगळा गाव डोळं फाडून बघतोय तिच्याकडं. तिची आय तिकडं लांब. इथं कोण काढणार तिची?" तिने मूठ बाईच्या डोक्यावरून पायापर्यंत उतरवली. "आल्यागेल्याची, वाटंवरची, गडग्यावर बसलेल्यांची..."

गडग्यावरचे दोघेतिघे खाली उतरले.

बाई डोळे मिटून उभी होती. गुरुजींनी तिला काही समजावलं नाही.

काशीने मूठ अंगणातल्या चुलीत टाकली. गुरुजींनी आधीच नाकाला रुमाल लावला होता. निखाऱ्यावर मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या. पण ठसका कुणालाच आला नाही.

"बघ," काशी सुनेला म्हणाली, "केवढी लागली होती पोरीला."