दात्यांवरचा शेंदूर

श्यामरावांनी रॉकेलची चिंधी घेतली आणि मोटारीच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या यंत्राच्या, मोठ्या दातेरी चक्रावरचा शेंदूर एका दमात पुसून काढला. शेजारी पाटावर पातळ पितळी चकत्या ओळीनं मांडलेल्या होत्या. कुणाला एक शेंदरी ठिपका, कुणाला दोन. त्याही त्यांनी गोळा केल्या, पुसल्या आणि डब्यात टाकल्या.

उद्या विश्वकर्मा पूजा होती, यंत्रांना नि हत्यारांना शेंदूर लावून पुजण्याचा दिवस. भवानीपुरापासून हावड्यापर्यंत कारखान्याकारखान्यांतून पताका लागल्या होत्या. पण ते लोण आपल्या अंगणात, आपल्याच मोटारीपर्यंत यावं, हे श्यामरावांना सोसलं नाही. ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, त्याला नमस्कार कसला करता, असं त्यांचं एक व्याख्यान इथल्या मराठी मंडळात दर वर्षी होई. लोक टाळ्या वाजवीत आणि घरी जाऊन आरती करीत.

मोटार चौतीस सालची. ताशी तीस मैलांच्या वर गेली की कण्हायची. दुर्गापूजेच्या सुट्टीत तिच्यातून हजारीबागला जायचं म्हणून श्यामरावांनी मल्लिकबाजारातून नव्या मॉडेलचं डिफरन्शियल आणलं होतं आणि मिस्त्री सकाळपासून ते बसवत होता. मागचा भाग लाकडी ठोकळ्यांवर चढवलेला, चाकं भिंतीला टेकलेली. मिस्त्री मात्र जागेवर नव्हता. चहाला गेला असेल, असं श्यामरावांना वाटलं.

तो फाटकातून आत आला. साठीचा, काटकुळा माणूस. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"ये तमाशा मेरे आँगन में नहीं चलेगा," श्यामराव कडाडले. आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे दोघे भाडेकरू गॅलरीत आले. श्रोते दिसले की श्यामरावांना चेव येई. "लोहे को सिंदूर पोतने से गाड़ी नहीं चलती! पूजा करनी है तो कल अपने मोहल्ले में जा के करो. यहाँ पढ़े-लिखे लोग रहते हैं."

मिस्त्रीनं स्वच्छ झालेल्या चक्राकडे पाहिलं. मग डब्यात पाहिलं.

"वाशर भी सब मिला दिया, बाबू?"

एवढंच म्हणून तो उकिडवा बसला. चक्राच्या एका दात्यावर बोट ठेवून, आपलंच काही चुकल्यासारखा, हळू आवाजात सांगू लागला. "पूजा नहीं, बाबू. दाँत पर सिंदूर लगाते हैं, फिर चक्का घुमाते हैं. जहाँ से सिंदूर छूटा, वहीं दाँत से दाँत लगता है. बीच में लगा तो गाड़ी चुपचाप चलेगी. किनारे पर लगा तो रोएगी, फिर एक दिन दाँत टूट जाएगा. सुबह से वाशर बदल-बदल के देख रहा था. अभी नाप मिला था. मोटा कौन, पतला कौन, टीका लगा के रखा था." मग तो म्हणाला, "कोई बात नहीं. फिर से कर लेंगे."

रागावला असता तर बरं झालं असतं. श्यामरावांची मान खाली गेली. सबंध अंगणात शेंदराकडे शिशाचं ऑक्साइड म्हणून पाहणारा एकच माणूस होता आणि तो कधी त्यांच्या व्याख्यानाला आला नव्हता.

मालतीबाई कणकेचे हात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. डबा पाहून त्यांच्या सगळं लक्षात आलं.

"अहो, काय केलंत हे? त्यांच्याजवळचा शेंदूर संपला म्हणून मीच दिला होता. पाटही मीच दिला, चकत्या मातीत पडायला नकोत म्हणून. आणि ते कशाला पूजा करतील? आत्ता मशिदीतून येताहेत ते!"

श्यामराव मेल्याहून मेल्यासारखे झाले. नऊ वर्षं हा माणूस त्यांच्या मोटारीखाली झोपून काम करत होता. बायकोला तो नमाज कुठं पढतो हे ठाऊक होतं आणि यांना त्याचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. मिस्त्री म्हटलं की काम भागत होतं.

माफी मागावी असं त्यांना फार वाटलं. पण सवय नव्हती, शब्द जुळेनात. निदान माणसाला नावानं हाक मारून सुरुवात करावी, म्हणून ते दोन पावलं पुढं झाले. आवाज मात्र जरबेचाच निघाला.

"तुम्हारा नाम क्या है?"

मिस्त्रीचा हात दात्यावरच थांबला. मालतीबाईंच्या मराठीतला एकच शब्द त्याला कळला होता, मशीद. आणि फाल्गुनातल्या हिंदू-मुसलमान दंगलीला अजून वर्षही झालं नव्हतं. त्या दिवसांत या शहरात अनोळखी माणसं आधी नाव विचारत होती. त्यानं वर गॅलरीकडे पाहिलं. भाडेकरू आता दोघांचे चौघे झाले होते. मग त्यानं फाटकाकडे पाहिलं.

"मिस्त्री ही बोलिए, बाबू," तो म्हणाला. "सब मिस्त्री ही बोलते हैं."

"नहीं, नहीं, नाम बताओ," श्यामराव आणखी एक पाऊल पुढं सरकले. या एका गोष्टीवर आता सगळं अवलंबून आहे असं त्यांना वाटत होतं. "डरो मत. मैं सिर्फ..."

मिस्त्री उठला. पाने, हातोडी, कानस, हाताला लागेल ते त्यानं फडक्यात टाकायला सुरुवात केली. घाईनं गाठ मारली. बोचकं छातीशी धरून, श्यामरावांकडे पाठ न करता तो एकेक पाऊल फाटकाकडे सरू लागला.

"मजूरी रहने दीजिए, बाबू," तो म्हणाला. "बस, औज़ार ले जाने दीजिए."