दारातला हौद

रेवणप्पांनी नळ पुरता सोडला आणि हात मागं बांधून बाजूला उभे राहिले. पाणी धो धो वाहू लागलं.

"आप्पा, बंद करा की," महानंदा दारातून म्हणाली.

"थांब. बघू दे कवर टिकतंय."

नळ टिकला. शेवटी रेवणप्पांनीच हार मानली, नळ बंद केला आणि ओले हात डोक्यावरून फिरवले. लेकीकडं जर्मनीत येऊन त्यांना तीन दिवस झाले होते आणि पहिल्या दिवसापासून हेच चाललं होतं. परदेशात उतरलेला माणूस उंच इमारती बघतो, माणसं बघतो, निदान थंडीला तरी शिव्या देतो. यांनी विमानतळावरच नळाखाली हात धरून पाहिला. हात धरला की पाणी येतं, काढला की जातं, हे कळल्यावर तर त्यांना तिथून ओढूनच आणावं लागलं.

महानंदा राहायची त्या फ्रायबुर्ग शहराच्या जुन्या पेठेत रस्त्याच्या कडेनं उघड्या नाल्या आहेत. त्यांतून स्वच्छ पाणी खळाळत जातं. महानंदानं मोठ्या हौसेनं त्या दाखवल्या. रेवणप्पा उकिडवे बसले, बोटं बुडवली.

"हे कुनाच्या रानाला चाललंय?"

"कुणाच्याच नाही, आप्पा. असंच वाहतं. शोभेला."

रेवणप्पांनी ओली बोटं पंच्याला पुसली. त्या दिवशी ते नीट जेवलेही नाहीत. त्याच उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आणि निलंग्याजवळच्या त्यांच्या गावात टँकर कधी येईल हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसे. म्हणून तर महानंदाची आई, नागुबाई, बरोबर आली नव्हती. तिकीट दोघांचं काढलं होतं. "टँकर आला अन् घरात कुनी नसलं तर?" असं म्हणून ती घागरींपाशी थांबली.

महानंदाला त्याचं नवल वाटलं नाही. लातूर जिल्हा नवा झाला त्या साली आईचं लग्न झालं होतं. 'आता जिल्हा झालाय, वर्षाच्या आत घरोघरी नळ येतो,' असं मुलाकडच्यांनी छातीठोक सांगितलं आणि आजोबांनी त्या शब्दावर सुपारी फोडली. नळ आला तो महानंदा दहावीत असताना. पाणी अजून यायचं होतं. आईच्या टाळूवरचे केस घागरीनं गेले ते गेलेच.

पण महानंदानं वडिलांना नळ बघायला बोलावलं नव्हतं. योनासला बघायला बोलावलं होतं. तिच्याच ऑफिसातला मुलगा. देश वेगळा, धर्म वेगळा, भाषा वेगळी, ताटातलं जेवणसुद्धा वेगळं. आप्पा फोनवर एवढंच म्हणाले होते, "येतो, बघतो, मग सांगतो." ते नाही म्हणाले तर लग्न करायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं आणि योनासलाही तसं सांगून टाकलं होतं. बिचारा योनास रोज यायचा, वाकून नमस्कार करायचा, घोकून आलेलं 'बरं हाय का?' विचारायचा. आप्पा मान हलवायचे आणि त्याला विचारायचे, तुमच्याकडं बोअरला पाणी किती फुटावर लागतं?

योनासबद्दल चकार शब्द नाही. महानंदाची झोप उडाली होती.

रविवारी योनास त्यांना आपल्या गावी घेऊन गेला. डोंगराच्या उतारावर लाकडी घर, मागं जंगल, गोठ्यात गाई. योनासच्या आईनं केक केला होता, टेबलावर फुलं मांडली होती. वडील इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते.

रेवणप्पा घरात शिरलेच नाहीत. दाराशी एक दगडी हौद होता. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी लाकडी पन्हळीतून त्यात पडत होतं आणि हौद भरून वाहत होता. ते तिथंच थबकले. इकडं केक वाट बघत राहिला, माणसं वाट बघत राहिली.

"इचार त्यांना," ते लेकीला म्हणाले. "उन्हाळ्यात आटतंय का?"

महानंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या कुठल्या बापानं पगार विचारला असता, घराणं विचारलं असतं. तिनं खाली मान घालून विचारलं. योनासचे वडील हसले नाहीत. पन्हळीकडं बघत त्यांनी आठवून सांगितलं, "आजोबांच्या वेळी एकदा धार बोटाएवढी झाली होती म्हणे. थांबली नाही."

रेवणप्पांनी ओंजळ धरली. पोटभर प्याले, पायांवर पाणी घेतलं, पंच्यानं तोंड पुसलं.

"तुज्या मायला फोन लाव."

फोन लागला. समोर कोण उभं आहे याची पर्वा न करता रेवणप्पा मोठ्यानं बोलू लागले.

"आवाज यायलाय का? घर बघून झालं. दारातच पानी हाय, बारा म्हैने. पोरगं बी वाकून वागतंय. लेक द्यायला हरकत न्हाई."

महानंदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं योनासचा हात धरला. त्याला एक शब्द कळला नव्हता, पण काय झालं ते कळलं.

फोन अजून कानालाच होता. रेवणप्पांनी घसा खाकरला आणि हौदाकडं बघत, जरा हळू आवाजात म्हणाले, "तुज्या बानं एवढं बघितलं असतं, तर तू माज्या घरी आली नसतीस."

तिकडं घागरी वाजल्या.

"ठिवा आता," नागुबाई म्हणाली. "टँकर आलाय."