छपरावर कोपर

एका पर्यटकाच्या कोपरानं आमच्या घराचं छप्पर खाली आणलं. तसं काही झालेलंच नाही, त्यामुळे आरामात वाचा.

जर्मनीतल्या गोस्लारच्या जुन्या पेठेतल्या चौकात त्याच पेठेची काशाची छोटी प्रतिकृती आहे. अंधांना घरं हातानं बघता यावीत म्हणून ती ठेवलीय, पण डोळस पाहुणेच जास्त चाचपतात. त्यातल्या आमच्या घरावर कोणी हात ठेवला, की आमचं खरं छप्पर कुरकुरतं. विमावाले याला योगायोग म्हणतात.

आज भरदुपारी बहिणीचा, वीब्केचा, फोन आला. पाय मोडल्यामुळे ती माळ्यावर पडून असते.

"अरे, तुळई खाली येतेय! नाकाला टेकली!"

"मग शिंकू नकोस."

"गाढवा, धाव!"

मी चौकात धावलो. एक जाडजूड काका आमच्या छपरावर कोपर टेकवून निवांत आइस्क्रीम खात होते.

"काका, कोपर उचला! खाली माझी बहीण आहे!"

"बहीण काय मुंगी आहे का तुझी?" ते हसले, पण कोपर उचललं.

फोनमध्ये लाकूड करकरलं. "गेली वर," वीब्के पुटपुटली.

मी श्वास सोडला. मग माझं लक्ष प्रतिकृतीतल्या चौकाकडे गेलं. चाचपून चाचपून तोही गुळगुळीत झाला होता.

तेवढ्यात आभाळातून आमच्या खऱ्या चौकावर सावली पडली. तिला पाच बोटं होती.

वरच्या पाहुण्यांना नम्र विनंती करण्यात येते, की चौकात माणसं उभी असताना कृपया हात टेकू नये.