नखांतला रंग

स्मशानात लाकडं रचून तयार होती, गोवऱ्या बावीस, मडकं एक आणि चाचणीचं यंत्र एक. नव्या नियमाने रंगकामगारांचे देहही तपासायचे होते. नमुन्याची वाफ साठ अंशांच्या आत पेटली, तर देह घातक कचरा. मग अग्नी नाही, सरकारी गाडी घेऊन जाणार.

"दाजी जन्मात कधी भडकले नाहीत, आता कशाला भडकतील?" मामा म्हणाले.

तपासनिसाने बाबांच्या बोटांवरून कापूस फिरवला, तशी मडकं घेऊन उभी असलेली शर्मिला दचकली. "साहेब, नखांतला रंग मी सकाळी थिनरने काढला. बाबा रोज तसाच काढायचे. दुसरीकडचा नमुना घ्या."

"नमुना एकदाच घेतात, ताई."

त्याने कापूस यंत्राच्या कपात टाकला आणि कप तापवत वरून ज्योत फिरवली. वाफ पेटली.

एकोणचाळीस अंश.