मागची सीट

सात रस्ता चौकातल्या मौलाली मिस्त्रीला मोटारीतला दोष सापडला नाही, असं कधी झालं नव्हतं. पण शिवपुत्रच्या गाडीनं त्याचं डोकं उठवलं होतं. एकट्यानं चालवली की झकास पळायची. शिवपुत्र बायकोला, काशम्माला, घेऊन तिच्या माहेरी मंद्रूपला निघाला की बंद! प्लग, पॉइंट, कॉइल, सगळं बदललं. "ही मागं बसली की अडती," शिवपुत्र कुरकुरला. "गाडीला डोळे हाईत व्हय?" मौलाली खेकसला. शिवपुत्र चहाला गेल्यावर मौलालीनं तिला मागं बसवलं. इंजिन आचके देत थांबलं. त्यानं सीट उपसली. वजनानं स्प्रिंग दबली की पेट्रोलच्या पंपाची वायर सुटत होती. "सापडलं!" काशम्मा पुटपुटली, "चाचा, मला माहेरी कायमचं सोडाय निघाल्यात. सासूबाई म्हणत्यात, आज गाडी अडली तर देवाचा कौल, धाडायचं न्हाय." मौलालीनं सीट तशीच बसवली. शिवपुत्र आला. "दोष सापडला न्हाय, मालक."